नियमाचे कारण : चवदार तळ्याच्या दाव्यातून विधितत्त्वज्ञानाची ओळख

विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडतात ती कलमे. कोणते कलम कशाविषयी आहे, त्यास अपवाद कोणते, त्यावर कोणत्या न्यायालयाने काय निर्णय दिला, हे ध्यानात ठेवण्यातच त्याची वर्षे सरतात. विधितत्त्वज्ञान, म्हणजे ज्यास इंग्रजीच्या वळणाने ज्युरिस्प्रुडन्स म्हणतात, त्या विषयाची एक प्रश्नपत्रिका त्यास असते खरी. परंतु ऑस्टिन, केल्सन, हार्ट यांच्या व्याख्या उत्तरपत्रिकेत उतरविल्या की या विषयाचे काम संपले, असा त्याचा समज होतो. पाली, इतिहास किंवा समाजशास्त्र यांच्या अभ्यासकास तर हा विषय आपला आहे असेही वाटत नाही. हा समज दूर व्हावा आणि आपल्याच इतिहासातील एका दाव्यातून या शास्त्राचे मूळ प्रश्न विद्यार्थ्यांपुढे यावेत, एवढ्याच हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत. तो दावा म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा दावा होय.

विधितत्त्वज्ञान मुख्यतः तीन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न असा की, एखादा नियम ‘कायदा’ आहे हे कशावरून ठरते? दुसरा, जो नियम कायदा ठरला तो योग्यही आहे काय, आणि त्याची योग्यता कोणत्या कसोटीवर पारखावयाची? तिसरा, तो पाळण्याचे बंधन आपणांवर कशामुळे येते? हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. ‘कायदा आहे, म्हणून योग्य आहे’ किंवा ‘अयोग्य आहे, म्हणून कायदाच नाही’ अशी घाईची उत्तरे देणाऱ्यास या शास्त्रात प्रवेश मिळत नाही.

दाव्याची हकीकत

चवदार तळे महाड नगरपालिकेच्या ताब्यात होते. स्पृश्य हिंदू त्याचे पाणी वापरीत, मुसलमानही वापरीत. अस्पृश्यांस मात्र तेथे मज्जाव होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. ठराव संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले; प्रत्यक्षात पुढील तीन वर्षे त्याच्या काठी कोणी अस्पृश्य जाऊ शकला नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा लावला. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दावा पुढे दहा वर्षे चालला. खालच्या दोन्ही न्यायालयांत वादी हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. त्या वेळी या दाव्यातील प्रमुख प्रतिवादी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि तेथे विधितत्त्वज्ञान हाच विषय शिकविण्यासाठी त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झालेली होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आज्ञा, सवय आणि नियम

आता पहिला प्रश्न घेऊ. १९२७ साली महाडात कायदा कोणता होता? विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रूढी?

इंग्रज विचारवंत जॉन ऑस्टिन याने १८३२ साली आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात कायद्याची व्याख्या केली ती अशी की, कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि ती मोडल्यास दंडाचे भय. या व्याख्येने पाहिले तर विधिमंडळाचा ठराव हा कायदा ठरत नाही. ती सरकारला केलेली शिफारस होती, अधिनियम नव्हता. ती न पाळणाऱ्यास दंड नव्हता. रूढीसुद्धा ऑस्टिनच्या मते न्यायालयाने किंवा विधिमंडळाने उचलून धरेपर्यंत कायदा होत नाही. तोपर्यंत तो निव्वळ लोकाचार. म्हणजे ऑस्टिनला विचारले असते तर तळ्याच्या काठी कायदाच नव्हता, असे उत्तर मिळाले असते. परंतु पाण्याला हात लावणाऱ्यावर पडणाऱ्या काठ्या तर खऱ्याच होत्या.

ही उणीव विसाव्या शतकात एच. एल. ए. हार्ट याने दाखवून दिली. ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या १९६१ सालच्या ग्रंथात तो सवय आणि नियम यांत भेद करतो. पुष्कळ लोक एकसारखे वागतात, एवढ्याने नियम निर्माण होत नाही. त्या वागणुकीस ते प्रमाण मानतात, तीवरून इतरांस दोष देतात, आणि तो दोष देणे रास्त समजतात, तेव्हा नियम अस्तित्वात येतो. यास हार्ट नियमाची आंतरिक बाजू म्हणतो.

ही कसोटी महाडास लावून पाहावी. स्पृश्यांच्या दृष्टीने तळ्याची बंदी हा नियम होता. ते तो मनाने मानीत होते. अस्पृश्य तळ्यावर जात नव्हते ते मात्र नियम मान्य होता म्हणून नव्हे. गेल्यास काय होईल हे त्यांस ठाऊक होते म्हणून. एकच रूढी एका समाजास नियम होती आणि दुसऱ्यास केवळ बळजबरी. कायद्याची व्यवस्था थोड्यांच्या मान्यतेवर उभी असून उरलेल्यांस ती नुसतीच सोसावी लागते, अशी अवस्था संभवते, हे हार्टनेही मान्य केले आहे. म्हणूनच ‘ही सर्वांनी मानलेली रूढी आहे’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये कोण मोजले गेले, हे विद्यार्थ्याने आधी विचारावे.

जुनेपणाचा पुरावा

वादींचा सारा भर रूढीवर होता. तळ्याचे पाणी अस्पृश्यांस वर्ज्य ठेवून वापरण्याची आमची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. रूढीस कायद्याचे बळ केव्हा येते याविषयी इंग्रजी विधिशास्त्राचे काही दंडक आहेत. ती प्राचीन असावी, अखंड असावी, निश्चित असावी आणि अवाजवी नसावी. प्राचीनतेची रेघ इंग्लंडात ११८९ या वर्षावर ओढली गेली आहे. भारतीय न्यायालयांनी ते वर्ष तंतोतंत लागू केले नाही, तरी दीर्घ प्राचीनतेचा पुरावा ती मागत आली.

महाडच्या न्यायालयाने अशी वहिवाट बऱ्याच काळापासून चालत आल्याचे मानले, परंतु तीतून वादींस हक्क मिळतो हे मानले नाही. सार्वजनिक तळे एकाने वापरले व दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने वापरणाऱ्यास नवा हक्क लाभत नाही आणि न वापरणाऱ्याचा हक्क बुडत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे अपील चालले. गांधीजींवरील १९२२ सालचा राजद्रोहाचा खटला ज्यांच्यापुढे अहमदाबादेत चालला, तेच हे ब्रूमफील्ड. वादींची वहिवाट अलीकडील काळापुरती दिसत असली तरी ती अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने अपील फेटाळले.

निर्णय आपल्या बाजूने लागला, म्हणून आपण तो समाधानाने वाचतो आणि पुस्तक मिटतो. विधितत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थांबता कामा नये. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले असते तर? ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, हा प्रश्न मग विचारात घ्यावा लागला असता, असे न्यायालयाने नमूद केले आणि त्याची गरज उरली नाही म्हणून तो बाजूस ठेवला. न्यायालयाच्या शिस्तीप्रमाणे हे योग्यच होते. परंतु याचा अर्थ असा की, १९३७ साली चवदार तळे खुले ठरले ते वादींचा जुनेपणाचा पुरावा अपुरा पडला म्हणून. माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रूढीस असू शकत नाही, हे विधान त्या निर्णयात नाही.

ते विधान यावयास आणखी तेरा वर्षे लागली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या अर्थात कायद्याचे बळ असलेली रूढी व परिपाठ यांचाही समावेश केला आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असे पूर्वीचे कायदे त्या विसंगतीपुरते शून्य ठरविले आहेत. अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या निधीतून चालणाऱ्या किंवा सार्वजनिक वापरास अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातीवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ही तीन कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे महाडचा न सुटलेला प्रश्न संविधानात कसा सुटला ते दिसते. रूढी किती जुनी आहे, हे तेथे कोणी विचारीतच नाही.

नियम आणि त्यामागील तत्त्व

जुनेपण ही कसोटी नव्हे, तर मग कसोटी कोणती? बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात नियम व तत्त्व यांचा भेद केला आहे. नियम हा ठरलेल्या रीतीने वागावयास सांगतो. तत्त्व हे वागण्याचा विचार कसा करावा ते शिकविते. नियम पाळणाऱ्यावर विचाराची जबाबदारी पडत नाही, तत्त्वाने चालणाऱ्यावर ती पडते. अमेरिकन विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन याने १९६७ साली नियम व तत्त्वे यांच्या भेदावर हार्टशी वाद मांडला, आणि तो वाद आज जगभर शिकविला जातो. दोघांचे प्रयोजन भिन्न होते. ड्वॉर्किनपुढे न्यायाधीशाचा निर्णय होता, बाबासाहेबांपुढे धर्माच्या नावाने चालणारी आज्ञापत्रे होती. तरीही आपल्या विद्यार्थ्याने हा भेद बाबासाहेबांकडून प्रथम शिकावा, असे आम्हांस वाटते.

पालीच्या अभ्यासकास हा भेद परका वाटू नये. विनयपिटकातील सुत्तविभंगाची रचनाच पाहा. प्रत्येक शिक्षापदाच्या आरंभी ते कोणत्या प्रसंगाने घातले गेले त्याची कथा येते. मग नियम, मग आवश्यक तेथे त्याची दुरुस्ती, मग शब्दशः अर्थ, आणि शेवटी कोणास आपत्ती नाही ते अपवाद. वेरंजा येथे सारिपुत्तांनी आधीच शिक्षापदे घालून देण्याची विनंती केली असता, दोष उद्भवण्यापूर्वी शास्ता नियम घालीत नाही, असे तथागतांनी सांगितले. नियम घालताना तो कोणत्या दहा हेतूंसाठी घातला जात आहे, तेही सांगितले जाते. ज्याच्या कृत्यावरून नियम घातला गेला त्या पहिल्या कर्त्यास आपत्ती नाही; कारण त्याने ते केले तेव्हा नियमच नव्हता. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० मधील पूर्वलक्षी शिक्षेची मनाई हीच दृष्टी सांगते.

दुसऱ्या पाराजिकाची कथा तर विधितत्त्वज्ञानाच्या वर्गात वाचावी अशी आहे. धनिय नावाच्या भिक्षूने राजगृहात राजाच्या राखीव लाकडांतील लाकूड नेले. बिंबिसाराने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की, राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनीच श्रमण-ब्राह्मणांस तृण, काष्ठ व उदक दिलेले आहे. शब्द पाहिले तर धनियाचे म्हणणे खरे होते. राजाने उत्तर दिले की, ते बोलणे अल्प दोषालाही भिणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना उद्देशून, आणि रानातील, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. वचनाचा अर्थ त्याच्या शब्दांत शोधावा की त्याच्या हेतूत, हा वाद १९५८ साली हार्ट आणि लॉन फुलर यांच्यात बागेत वाहन नेण्यास मनाई करणाऱ्या नियमाच्या उदाहरणावरून झाला. तोच प्रश्न या कथेत आहे.

नियमाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणास, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजापुढे धर्मनिर्णय सांगण्यास केवळ जातीने ब्राह्मण असलेला मनुष्यही चालतो, शूद्र मात्र कधीही चालत नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे सर्व प्रश्न ज्यांना विचारले गेले ते स्थविर उपाली पूर्वाश्रमीचे शाक्यांचे नापित होते. एके ठिकाणी नियमाचे ज्ञान जन्मावर अवलंबून ठेवले आहे, दुसऱ्या ठिकाणी ते अभ्यासावर. कायदा सर्वांवर लागू, परंतु त्याचा अर्थ मोजक्यांनीच सांगावयाचा, अशी व्यवस्था ज्यांच्यावर नियम लादला जातो त्यांस त्याचे कारण विचारण्याची सोयच ठेवीत नाही.

पाळावे की नाकारावे

आता तिसरा प्रश्न. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत, जमलेल्या हजारो सत्याग्रहींची तयारी असतानाही, न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यात आला. एक कायदा जाळावयाचा आणि दुसरा, तोही आपल्या विरुद्ध गेलेला, पाळावयाचा, यात विसंगती आहे काय?

आम्हांस ती दिसत नाही. मनाई हुकूम तात्पुरता होता. तो देणाऱ्या न्यायालयापुढे प्रतिवादीस उभे राहता येत होते, पुरावा देता येत होता, वरच्या न्यायालयात दाद मागता येत होती. हुकूम चुकीचा असला तरी तो दुरुस्त करण्याची वाट त्याच व्यवस्थेत होती, आणि त्याच वाटेने दहा वर्षांनी विजय मिळाला. मनुस्मृतीच्या व्यवस्थेत अस्पृश्यास अशी कोणतीही वाट नव्हती. तिचा निर्णय त्याच्या जन्माआधीच झालेला होता.

जर्मन विधितत्त्वज्ञ गुस्टाव राडब्रुख हा वायमार प्रजासत्ताकात न्यायमंत्री होता. नाझी राजवटीने १९३३ साली त्यास प्राध्यापकपदावरून दूर केले. युद्धानंतर १९४६ साली त्याने लिहिले की, कायदा अन्याय्य असला तरी सामान्यतः तो पाळावा. परंतु अन्याय असह्य झाला तर कायद्याने न्यायास वाट द्यावी. आणि जो कायदा करतानाच समतेचा जाणूनबुजून त्याग केलेला असतो, त्यास कायद्याचे स्वरूपच नसते. हार्टला हे शेवटचे पाऊल मान्य नव्हते. दुष्ट कायद्यासही कायदाच म्हणावे, परंतु तो पाळू नये, म्हणजे आपली नैतिक जबाबदारी झाकली जात नाही, असे तो म्हणे. या दोघांत कोण बरोबर, यावर विद्यार्थ्यांनी वाद करावा. महाडच्या उदाहरणात दोघांचीही परीक्षा होते.

विनयासही हीच कसोटी

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. विनय हा राज्याचा कायदा नव्हे. तो स्वेच्छेने प्रव्रज्या घेणाऱ्यांच्या संघाचा नियम आहे. त्यात कारागृह नाही, आणि ज्यास तो नको त्यास चीवर सोडता येते. राज्याच्या कायद्यातून असे बाहेर पडता येत नाही. म्हणून विनय आणि आधुनिक कायदा हे एकच आहेत असे म्हणणे अभ्यासकाचे काम नव्हे.

आणि जी कसोटी आपण मनूस लावली ती विनयासही लावली पाहिजे. चुल्लवग्गातील आठ गुरुधम्मांपैकी पहिला असे सांगतो की, उपसंपदेस शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्षूस अभिवादन करावे. महाप्रजापतींनी पुढे आनंदांकरवी विनंती केली की, अभिवादन ज्येष्ठतेनुसार व्हावे. ती नाकारताना तेथे जे कारण दिलेले आढळते ते असे की, इतर पंथही स्त्रियांस असे अभिवादन करीत नाहीत. इतरांच्या रूढीचा आधार घेणारे हे कारण, प्रत्येक नियमास स्वतःचा हेतू सांगणाऱ्या विनयाच्या एकंदर पद्धतीशी जुळत नाही. हा भाग मागाहून आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तो केव्हाही आलेला असो. ‘पिटकात आहे’ एवढ्यानेच तो योग्य ठरत नाही. कालामांना परंपरेच्या आधाराने काही स्वीकारू नका असे सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांस हे अवघड वाटण्याचे कारण नाही.

समारोप

सारांश, विधितत्त्वज्ञानाचा अभ्यास विद्यार्थ्याने व्याख्यांपासून सुरू करू नये, एखाद्या दाव्यापासून करावा. दावा हाती घेऊन चार गोष्टी पाहाव्यात. हा नियम कोणी केला? तो मान्य करणाऱ्यांत कोण मोजले गेले आणि कोण वगळले गेले? त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणास आहे? आणि ज्याच्यावर तो लागू होतो, त्याच्यासमोर उभे राहून त्याचे कारण सांगता येईल काय? शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाडच्या वादींना आपल्या रूढीचे वय न्यायालयापुढे सांगावेसे वाटले, तिचे कारण नव्हे. ते कारण तहानलेल्या माणसासमोर सांगता येण्यासारखे नव्हते.

आजही गावाच्या पाणवठ्यावर, मंदिराच्या पायरीवर, जातपंचायतीच्या बैठकीत ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे वाक्य ऐकू येते. ते ऐकणारा विद्यार्थी कायद्याचा असो वा पालीचा, त्याने त्या वाक्यास उत्तर देताना रूढीचे वय मोजत बसू नये. तिचे कारण विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न सोडू नये.